काज-बटण

आमच्या घरात सकाळी उठल्यावर पायाला पहिला स्पर्श जमिनीचा होत नाही, बटणाचा होतो. पांढरं, चार भोकांचं, शाळेच्या गणवेशाच्या शर्टाचं बटण. रात्री कितीही झाडलं तरी एखादं कोपऱ्यात दडून राहतंच. आई ते उचलते, पदराला पुसते आणि डब्यात टाकते. हरवलेल्या बटणाचे पैसे मजुरीतून कापले जातात, म्हणून आमच्याकडे बटण वाया जात नाही.

सोलापूर हे गणवेशांचं गाव. चादरीमुळे आमच्या गावाला नाव मिळालं. पण कितीतरी गल्ल्यांतल्या बायकांची चूल गणवेशांवर पेटते. कारखान्यात शर्ट शिवून होतात, त्यांचे गठ्ठे घरोघर येतात. बटणं लावायची, उरलेले धागे कापायचे, घडी घालून गठ्ठा परत द्यायचा. डझनाला अठरा रुपये. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याआधीचे तीन-चार महिने आई रात्री बारापर्यंत दिव्याखाली बसलेली असते. वडील कांद्याच्या बाजारात हमाली करतात. आई चौथीपर्यंत शिकली, वडील त्याहून कमी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. पुढची हकीगत कळायला ते ठाऊक असलेलं बरं, एवढंच.

गेल्या जुलैमधली गोष्ट. मला एक फी भरायची होती, नऊशे रुपये. हल्ली रांगेत उभं राहून फी भरायची नसते, फोनवरून भरायची असते. पैसे आईच्या खात्यात होते. मी तिच्या शेजारीच बसून फोनवर ते पान उघडलं, सगळे रकाने भरले आणि शेवटी असलेलं निळं बटण दाबलं. काहीच झालं नाही. बटण होतं तसंच निळं. मी पुन्हा दाबलं. तरी तसंच. थोड्या वेळानं फोन दोनदा वाजला. नऊशे रुपये कापल्याचे दोन निरोप आले होते.

आईनं विचारलं, “झालं का गं?”

मी म्हटलं, “झालं. दोनदा झालं.”

जास्तीचे नऊशे रुपये तेविसाव्या दिवशी परत आले. पण ते तेवीस दिवस महिन्यातच होते, महिन्याबाहेर नव्हते. घरभाडं थांबणार नव्हतं. आईनं गठ्ठे आणणाऱ्या माणसाकडून नऊशे रुपये उचल घेतली. त्याला आमच्या गल्लीत सगळ्याजणी ‘भाऊ’ म्हणतात. त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. डझनाला अठरा रुपये, म्हणजे नऊशे रुपयांना पन्नास डझन. पन्नास डझन म्हणजे ६०० शर्ट. शर्टाला सात बटणं धरली तर ४,२०० बटणं. कुणीतरी कुठंतरी बसून एक बटण नीट लावलं नाही, आणि त्यापायी माझ्या आईला ४,२०० बटणं लावायची पाळी आली.

उचल घेतली की हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात जाते. आई चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची, एका डझनाला एक रेघ. सप्टेंबरात हिशेब झाला तेव्हा तिच्या रेघा एकसष्ट भरल्या आणि भाऊंच्या वहीत अठ्ठावन्न डझन होते. “भिंतीचा काय पुरावा, वहिनी?” एवढंच ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर आई भांडली तरी असती.

याच सुमारास आमच्या कॉलेजात कौशल्य विषय म्हणून संकेतस्थळाचं पान तयार करायला शिकवू लागले. मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी; संगणक म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातलं झाड असं समजत आले होते. पहिल्या तासाला मॅडमनी सांगितलं की पानाचा मजकूर आणि त्याची मांडणी एचटीएमएलमध्ये लिहायची, आणि त्याला रंग, आकार, जागा द्यायची ती सीएसएसमध्ये. सीएसएस म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स. हाकोन व्हियुम ली नावाच्या गृहस्थांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी ही कल्पना मांडली, पुढं बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली आवृत्ती अधिकृत झाली. सगळी मुलं लिहून घेत होती. माझ्या मनात मात्र आलं, हे तर आपल्या घरचंच काम! एकजण कापड बेततो, दुसरी काज-बटण करते.

वर्षाअखेर प्रत्येकानं एक पान तयार करून दाखवायचं होतं. कुणी किल्ल्यांचं केलं, कुणी कवींचं. मी ठरवलं, आईच्या भिंतीवरच्या रेघा फोनमध्ये आणायच्या. मोठासा आकडा आणि त्याखाली एक बटण. डझन झालं की दाबायचं, आकडा एकानं वाढणार, तारीख आणि वेळ नोंदली जाणार. आकडा वाढवण्याच्या ओळी मॅडमनी दिल्या, त्या माझ्या नव्हेत. बटण मात्र संपूर्ण माझं.

वाचकहो, ते बटण मी नवरीसारखं नटवलं. फिकट गुलाबी रंग, त्यावर पांढरी अक्षरं, कडा गोल, खाली सावली, वरून एक चमक सरकत जाणारी. संगणकावर बाण बटणावर नेला की गुलाबी रंग हळूहळू गडद होई. या स्थितीला होव्हर म्हणतात, आणि रंग हळूहळू बदलतो तो ट्रान्झिशनमुळे. मी तो बदल सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात बसवला होता. मैत्रिणी जमल्या. “अय्या, किती गोड!” असं तिघींनी म्हटलं. मला आणखी काय हवं होतं?

त्या संध्याकाळी मी आईला फोन दिला. तिनं नुकतंच एक डझन हातावेगळं केलं होतं. तिनं बोट पदराला पुसलं आणि बटण दाबलं. थोडं थांबली. पुन्हा दाबलं. मग आणखी दोनदा.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“आडकलंय बघ तुझं बटण,” आई म्हणाली. “दाबलं तसं काळंच झालंय, वर यीना. मी आपली सुटंल म्हणून दाबत गेले.”

वर आकडा होता चार. झालं होतं एक डझन.

मी फोन हातात घेतला आणि खरं सांगते, मला भाऊंचा राग आला नाही, त्या निळ्या बटणवाल्याचाही आला नाही. मला माझीच लाज वाटली. जुलैत मला ज्या बटणानं फसवलं होतं, त्याचंच भावंडं मी स्वतःच्या हातानं तयार करून आईच्या हातात दिलं होतं. नटवण्याच्या भरात ते दाबणारीशी बोलतं की नाही, हे पाहायचं मी विसरले होते. उद्या हा चारचा आकडा भाऊंनी पाहिला असता, तर भिंतीवरच्या रेघांची होती तेवढीही किंमत राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी मी सगळं उसवून पाहिलं. चूक दोन ठिकाणी होती. होव्हर ही बाणाची गोष्ट. बाण वर आला की रंग बदलतो, बाजूला गेला की पूर्ववत होतो. फोनवर बाण कुठला? तिथं बोट टेकलं की फोन समजतो बाण आला, आणि बोट उचललं तरी दुसरीकडे कुठं स्पर्श होईपर्यंत तो गेला असं धरत नाही. म्हणून आईनं एकदा दाबल्यावर बटण गडद झालं ते गडदच राहिलं. तिनं ते ‘अडकलं’ असं म्हटलं, त्यात तिची काहीच चूक नव्हती. खरं बटण अडकलं तर माणूस तेच करतो.

दुसरी चूक ओळींच्या क्रमाची. बोट टेकलेलं असताना बटण कसं दिसावं, यासाठी अ‍ॅक्टिव्ह नावाची वेगळी स्थिती असते. मी ती लिहिली होती, पण होव्हरच्या आधी. सीएसएसच्या नावात जो कॅस्केड आहे, तो इथं आडवा आला. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा. एकाच बटणाला सारख्याच वजनाचे दोन नियम लागू झाले, तर खालचा, म्हणजे नंतर लिहिलेला, नियम जिंकतो. दाबताना दोन्ही स्थिती एकदमच असतात. माझा होव्हर खाली होता, तो जिंकला, आणि दाबल्याची खूण उमटलीच नाही. दोन ओळी वर-खाली केल्या की काम झालं. होव्हरचा नियम तर मी अशा अटीत बांधला, की खरोखर बाण असलेल्या यंत्रावरच तो लागू व्हावा. तशी सोय सीएसएसमध्ये आहे. मला ती ठाऊक नव्हती, कारण मी फोनवर कधी पाहिलंच नव्हतं. मैत्रिणींनी ‘गोड’ म्हटलं तिथंच थांबले होते.

मग एकेक टाका तपासायचा नादच लागला. बटणावर ‘डझन पूर्ण’ असं लिहिलं होतं. मी ज्या नमुन्यावरून शिकले तो इंग्रजीचा होता; त्यात अक्षरा-अक्षरांत अंतर सोडून मजकूर ऐटदार केला होता. तसंच अंतर मी मराठीला दिलं तर शिरोरेषा जागोजाग तुटली. आई म्हणाली, “शब्द उसवल्यावाणी दिसतोय.” यापेक्षा नेमकी समीक्षा मी वर्गातही ऐकलेली नाही. शिवाय अक्षरं वीस पिक्सेलची, बटणाची उंची मी चोवीस पिक्सेलवर कायम केलेली, आणि चमक बाहेर सांडू नये म्हणून कडेपलीकडचं सगळं झाकलेलं. परिणामी ‘पूर्ण’ या शब्दाचा वरचा रफार आणि खालचा दीर्घ ऊकार, दोन्ही कापले गेले. इंग्रजी अक्षरं एका पट्टीत मावतात. आपली वरही जातात आणि खालीही उतरतात. उंची बांधून न घालता आत पुरेशी जागा सोडायची, हाच त्यावरचा उपाय. तिला पॅडिंग म्हणतात.

चोवीसचा आकडा मी उगीच घेतला नव्हता. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान माप २४ गुणिले २४ पिक्सेल दिलं आहे. मी किमान वाचलं आणि तेच धरलं. त्याच नियमांत वरच्या दर्जासाठी ४४ गुणिले ४४ हे माप आहे, ते मी पाहूनही सोडून दिलं होतं. आईची बोटं सुईनं टोचून टोचून जाड झालेली आहेत. तिला किमानात बसवणारी मी कोण? आता बटण फोनच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचं आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात साध्या आकाराच्या मजकुरासाठी निदान ४.५ ला १ असं प्रमाण असावं, असंही ते नियम सांगतात. माझ्या फिकट गुलाबीवरची पांढरी अक्षरं दीडाच्या आसपासच भरली. शेजारच्या काकूंना एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांनी फोन पाहून विचारलं होतं, “यावर काही लिहिलंय का गं?” मी त्यांच्या डोळ्यांना दोष दिला होता. गुलाबी रंग सोडवला नाही, पण तो चांगला गडद घेतला.

एक धडा मला संगणक कक्षातल्या बिघडलेल्या माउसनं दिला. बाण हलेना, म्हणून टॅबची कळ दाबत पुढं जायला लागले. माझ्या बटणापर्यंत पोचताच येईना, कारण मी बटणासाठी खरं बटण न वापरता साधी चौकट रंगवून ठेवली होती. दिसायला सारखीच. मग एचटीएमएलमधलं खरं बटण घेतलं. ते टॅबनं सापडतं, एंटरनं आणि स्पेसनं दाबलं जातं, आणि दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारी प्रणालीही त्याला बटण म्हणूनच ओळखते. तरी आपण कुठं आहोत ते दिसेना. कारण कळफलकावरून जाणाऱ्याला जागा दाखवणारी जी फोकसची चौकट असते, ती बेढब वाटते म्हणून मी आधीच एका ओळीत पुसून टाकली होती. एखाद्याच्या हातातली काठी दिसायला बरी नाही म्हणून काढून घ्यावी, तसं ते झालं होतं. ती चौकट मी परत आणली.

हे सगळं मी आईला समजावून सांगायला बसले. ती शर्टाला बटण लावत ऐकत होती. मध्येच तिनं माझ्या हातात सुई दिली. “हे लाव बघू.” मी चार भोकांतून दोरा घट्ट ओढून लावलं. तिनं काजात घालून दाखवलं: बटण बसलं, पण सभोवतालचं कापड गोळा झालं. “लई आवळलंस,” ती म्हणाली. “बटण आन कापडाच्या मधी काजाचं कापड बसायला जागा लागती. जरा ढिलं ठेवायचं, दोऱ्याला खालून दोन येढे द्यायचे. आन लावून झालं की वढून बघायचं. पोरगं वढणारच की.”

मला वाटतं, पुस्तकातल्या पाच पानांचा अर्थ त्या ‘पोरगं वढणारच की’मध्ये आला. आईनं ते पोरगं कधी पाहिलेलं नसतं. शर्ट कुठल्या गावच्या शाळेत जाणार, तेही तिला ठाऊक नसतं. तरी प्रत्येक बटण लावताना ते ओढणारं पोर तिच्यासमोर असतं. माझ्यासमोर मात्र बटण लावताना माझ्या मैत्रिणी होत्या आणि माझे गुण होते.

आता बटण दाबलं की ते किंचित खाली दबतं आणि बोट उचललं की वर येतं. ज्यांना हालचालीनं गरगरतं, त्यांनी फोनमध्ये तशी सूचना ठेवली असेल तर ते हलत नाही, नुसता रंग बदलतो. दाबल्यावर एक सेकंदभर ते करडं होऊन निष्क्रिय होतं, आणि त्यावर ‘नोंद झाली’ अशी अक्षरं येतात. घाईत दुसऱ्यांदा बोट पडलं तरी दुसरं डझन लागत नाही. नुसत्या रंगावर सगळं सोपवलं नाही, कारण रंग सगळ्यांनाच सारखे दिसत नाहीत. खाली ‘मागे घ्या’ असं एक लहान बटण आहे. चूक मान्य करायची जागा हिशेबात हवीच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पैसे दोनदा कापले जाऊ नयेत ही खरी जबाबदारी बटणाच्या रूपाची नाही, मागं बसलेल्या यंत्रणेची आहे. सीएसएसच्या चार ओळींनी ती पार पडत नाही. पण त्या निळ्या बटणानं ‘थांब, तुझं ऐकलंय’ एवढं जरी सांगितलं असतं, तरी मी दुसऱ्यांदा दाबलं नसतं.

फेब्रुवारीत भाऊ हिशेबाला आले. त्यांच्या वहीत चव्वेचाळीस डझन, फोनमध्ये सेहेचाळीस. आईनं फोन पुढं केला. भाऊ हसले. “आता मोबाइलचा हिशेब व्हय वहिनी?” म्हणाले. पण त्यांनी तारखा खालीवर करून पाहिल्या आणि आपली वहीही उलटली. एका तारखेला दोन डझन त्यांच्याकडं नव्हतेच. त्यांनी चव्वेचाळीसच धरले, यंदाचा हिशेब झालाय म्हणाले. छत्तीस रुपये गेले ते गेलेच. माझ्या बटणानं जग बदललं, असं मला इथं लिहिता येणार नाही.

तरी पुढच्या वेळी गठ्ठा नेताना भाऊ दारातच थांबले. “दाबा वहिनी माझ्यासमोर, मग मी लिहितो,” म्हणाले. आईनं डझन मोजून दिले आणि दर डझनाला बटण दाबलं. दर वेळी ‘नोंद झाली’ हे शब्द तिनं चौथीतल्या मुलीसारखे एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचले. भाऊंना तेवढा वेळ थांबावं लागलं.

गल्लीतल्या आणखी चौघीजणी आता ते पान मागताहेत. त्यांच्यापैकी एकीला वाचता येत नाही. ‘नोंद झाली’ हे तिला अक्षरांशिवाय कसं कळवायचं, यावर मी सध्या विचार करते आहे. भिंतीवरच्या रेघा आईनं अजून पुसलेल्या नाहीत. दाबून झालं की ती कोळसा उचलते आणि एक रेघही ओढते. मी विचारलं तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे की. लावून झाल्यावर वढून बघाय नको?”

(द्वितीय वर्ष, कला)